आधी पेडलला विचारा

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची सकाळ. जूनपासून ताडपत्रीखाली उभी असलेली बाबांची 1951 ची मॉरिस मायनर मी बाहेर काढली, धुतली, बॉनेटवर झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आईने हळदकुंकू वाहिलं. प्रथेप्रमाणे गल्लीत एक फेरी मारायची म्हणून गाडी सुरू केली. पुण्यात सहकारनगरातली आमची गल्ली तळजाईच्या बाजूने उताराची आहे. वीस-पंचवीस फूट गेले असेन, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल चिखलात पाय जावा तसं थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा थोडं वर लागलं. तिसऱ्यांदा अजून वर. तोवर डावा हात हँडब्रेकवर गेला होता. गाडी थांबली. समोरच्या फाटकापासून चार हात अंतर राहिलं होतं.

हँडब्रेक लागला, कारण त्याचा तेलाशी काहीही संबंध नसतो. तो तारेने मागच्या दोन चाकांना ओढतो. पायाच्या ब्रेकचं सगळं काम मात्र एकाच नळीतल्या तेलावर चालतं. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा निम्मं काम करतो. आमच्या गाडीत तशी सोय नाही. चारपैकी कुठल्याही एका चाकाशी तेल गळलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. जुनी गाडी पाळणाऱ्याने ही गोष्ट रोज लक्षात ठेवायला हवी, आणि आम्ही ती सगळ्यात आधी विसरतो. क्रोमच्या पट्टीसाठी आम्ही महिनोन्‌महिने शोधाशोध करतो, रंगाची छटा जुळावी म्हणून तीनदा रंग काढतो. ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं, असं विचारलं तर दहातले आठ जण आठवायला लागतात. मीही त्यांतलीच होते.

त्या दिवशी दुपारी काका आले. बाबांच्या काळापासून आमची गाडी तेच बघतात. आता सत्तरीच्या पुढे आहेत, स्वतःचं गॅरेज मुलाकडे सोपवलंय, पण जुन्या गाडीचं नाव काढलं की येतात. मला वाटलं होतं, आल्या आल्या जॅक लावतील, चाकं काढतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार बंद केलं आणि म्हणाले, “ताई, पंधरा मिनिटं पाना हातात घ्यायचा नाही. आधी पेडलला विचारायचं.”

हा लेख मी लिहितेय तो त्या पंधरा मिनिटांसाठी. ब्रेक बिघडला की बहुतेक ठिकाणी सुटे भाग बदलायला सुरुवात होते. मास्टर सिलिंडरचं किट टाका, नाही जमलं तर चाकांची किटं टाका, तेही नाही जमलं तर शू बदला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पैसे जातात ते जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे खरा दोष झाकला जातो. हायड्रॉलिक ब्रेक ही फार प्रामाणिक यंत्रणा आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय, ते पेडल पायाला सांगत असतं. सांगतंय काय, ते कळायला हवं, इतकंच.

तत्त्व पास्कलचं, सतराव्या शतकातलं. बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. समजा, आपण पेडलवर 20 किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, म्हणजे 100 किलो. पेडल ज्याला ढकलतं त्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ 4 चौरस सेंटिमीटर धरलं, तर नळीत दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाब तयार होतो, आणि तोच दाब चारही चाकांच्या सिलिंडरांत पोचतो. द्रव दबत नाही, म्हणून हे जमतं. नळीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला की मात्र पेडलचा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो.

ही कल्पना मोटारीत आणली ती अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेड याने. विमानं बनवणाऱ्या ॲलन लॉगहेडचा हा भाऊ. आडनावाचा उच्चार लोकांना जमेना म्हणून पुढे त्याचं स्पेलिंग बदलून लॉकहीड झालं. त्याचं पेटंट 1917 चं. 1921 मध्ये ड्यूसेनबर्गने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी विक्रीला आणली, 1924 मध्ये क्रायस्लरने ते सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचवले. फोर्डने मात्र 1939 पर्यंत सळ्या आणि तारांचेच ब्रेक ठेवले. तेलाच्या भरवशावर गाडी थांबवायची, ही गोष्ट पटायला लोकांना वेळ लागला, आणि तो लागणं मला अगदी साहजिक वाटतं. ॲलेक इसिगोनिसने आखलेली मॉरिस मायनर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली, तेव्हा तिच्यात लॉकहीडचेच ब्रेक होते. हीच गाडी आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने विकली.

काकांनी पेडलला काय विचारलं?

पहिल्यांदा त्यांनी ते एकदाच दाबून सोडलं. तळाला गेलं. मग भराभर तीन-चार वेळा दाबलं. वर आलं. इथे बरेच जण थांबतात आणि ‘हवा आहे’ म्हणून मोकळे होतात. पण पंप केल्यावर पेडल वर येण्याची कारणं दोन. एक तर नळीत हवा आहे, किंवा ड्रमला आतून घासणारे शू झिजून त्यापासून लांब गेलेत आणि ते अंतर भरायला एका दाबातलं तेल पुरत नाही. फरक पायाला कळतो. वर आलेलं पेडल स्प्रिंगसारखं, मऊ लागलं तर हवा. वर येऊन दगडासारखं कडक लागलं तर दोष तेलात नाही, शूंच्या ॲडजस्टमेंटमध्ये आहे. मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन ॲडजस्टर असतात. ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून, चाक अडेपर्यंत फिरवायचे आणि मोकळं होईपर्यंत एकेक खाच मागे घ्यायचे. दहा मिनिटांच्या या कामाऐवजी लोकांनी मास्टर सिलिंडर उतरवल्याचं मी स्वतः पाहिलंय.

आमचं पेडल मऊ होतं. मग त्यांनी ते वर आणून धरून ठेवलं. पाय न हलवता, तेवढाच जोर ठेवून. मी घड्याळ बघत होते. चाळीस सेकंदांत पेडल हळूहळू, चोरपावलांनी खाली सरकलं. “दिसलं? आता तेल बघा.”

मायनरचा मास्टर सिलिंडर इंजिनाजवळ नसतो. तो ड्रायव्हरच्या पायांखाली, चासीच्या पोटात बसवलेला आहे. मॅट उचलायची, फरशीवरची छोटी पट्टी काढायची, मग त्याचं बूच दिसतं. म्हणूनच तेल बघायचा कंटाळा होतो. बूच काढलं, तर पातळी दोन बोटं खाली. धरलेलं पेडल खाली सरकतंय आणि तेलही कमी झालंय, म्हणजे तेल कुठेतरी बाहेर जातंय. तेल तेवढंच असतं आणि तरी पेडल बसत असतं, तर दोष मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपाचा असता. त्याला गॅरेजात बकेट म्हणतात. ती झिजली की तेल तिच्या कडेने मागे परततं, बाहेर एक थेंब दिसत नाही आणि माणूस गळती शोधत चारही चाकांभोवती फिरत राहतो.

आम्हाला मात्र थेंब सापडला. उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओलसर डाग. मागच्या चाकाशी ओल दिसली की आणखी एक शंका येते: हे ब्रेकचं तेल की ॲक्सलच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल? काकांनी बोटाला लावून वास घेतला, मग त्यावर पाणी टाकलं. ओल पाण्यात विरघळून गेली. गिअर ऑइल पाण्यात विरघळत नाही, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. म्हणजे हे ब्रेकचंच तेल.

ड्रम काढताना एक सांगते. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली काळी धूळ फुंकर मारून किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कृपा करून ते करू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

ड्रम निघाल्यावर चाकाच्या सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण उचललं, तर धार लागली. पिस्टन बाहेर आल्यावर काकांनी सिलिंडर उजेडाकडे धरून मला आत बघायला सांगितलं. आरशासारख्या भिंतीवर एका जागी बारीक खड्ड्यांची कडी होती, देवीचे व्रण असावेत तशी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी हलली नव्हती आणि या सिलिंडरमधली रबरी बकेट नेमकी त्या जागी चार महिने बसून होती. ब्रेकचं साधं तेल ग्लायकॉलचं असतं, ते हवेतली वाफ शोषून घेतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. मग ते पाणी गंज धरतं, खड्डे पडतात, आणि पहिल्या दाबाला बकेटची कड खड्ड्यांवरून फाटते. किरकोळ डाग असते तर होनचा घासदगड फिरवून साफ करता आले असते. नखाला लागतील इतके खोल खड्डे घासून जात नाहीत. सिलिंडर नवा तरी घ्यायचा, नाहीतर त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाना पेठेत गेलो. तिथल्या दुकानांत अजूनही ‘सूत’ चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. “मास्टरची बकेट सात सूत,” असं कुणी म्हणालं की दुकानदाराला पुढचं सांगावं लागत नाही. तरीही काकांनी आमच्या चाकाच्या सिलिंडरची जुनी बकेट खिशात आणली होती आणि नवीसमोर धरून, मोजून घेतली. दिसायला सारख्या, मापाला अर्धं सूत कमी, असे भाग बाजारात पुष्कळ. ब्रेकच्या बाबतीत ‘बसतंय की’ हे उत्तर चालत नाही.

नवा सिलिंडर बसवला, तेल भरलं, हवा काढली. हवा काढणं हे दोघांचं काम. मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. एकाने पेडल सावकाश दाबायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, पेडल सोडायच्या आत बंद करायचा. नळीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत. पेडल तळापर्यंत हाणायचं नाही, असं काकांनी मला बजावलं. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो त्याच्या पुढचा भाग जुन्या सिलिंडरमध्ये गंजलेला असतो, आणि चांगली बकेट तिथे जाऊन फाटते. अनेक गाड्यांचे मास्टर सिलिंडर हवा काढतानाच खराब होतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

संध्याकाळी पेडल वर आणि कडक. धरून ठेवलं तर हलेना. मी खूश.

दुसऱ्या दिवशी कात्रजच्या बाजूला निघाले. आठेक किलोमीटरवर गाडी जड वाटायला लागली. ॲक्सिलरेटर दाबूनही ओढेना. उतरून चाकाजवळ हात नेला, तर झळ आली. चारही ड्रम तापलेले. ब्रेक आपोआप लागले होते आणि सुटत नव्हते.

काका रिक्षाने तिथे आले. आधी त्यांनी चारही चाकांना हात लावून पाहिला. एकच चाक धरत असेल तर दोष त्या चाकात असतो: शूची स्प्रिंग, अडकलेला पिस्टन, किंवा आतून सुजलेला होज पाईप. असा पाईप बाहेरून चांगला दिसतो, पण आतलं रबर सुटून झडपेसारखं काम करतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. चारही चाकं धरत असतील तर दोष मुळाशी, मास्टर सिलिंडरशी. खात्री करायला त्यांनी एक निपल जरासा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. नळीत दाब कोंडला होता. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं, तर स्प्रिंग किंवा हँडब्रेकची तार बघायची.

दाब का कोंडतो, हे समजण्यासारखं आहे. पिस्टन पूर्ण मागे आला की बकेटच्या पुढे एक सुईच्या टोकाएवढं छिद्र उघडं राहतं. तापून फुगलेलं तेल त्यातून मास्टरच्याच तेलाच्या टाकीत परततं. ते छिद्र बंद राहिलं, तर प्रत्येक दाबाला थोडं तेल पुढे अडकतं, ड्रम तापतात, तेल आणखी फुगतं, शू आणखी घट्ट बसतात. छिद्र तीन कारणांनी बंद होतं. पेडलला मोकळा प्ले नसेल आणि त्याची कांडी पिस्टनला सतत ढकलत असेल. छिद्रात कचरा असेल. किंवा बकेट फुगलेली असेल. शिवाय टाकीच्या बुचाचं श्वासाचं भोक बुजलं असेल, तरी तेलाला परतायला अडचण येते.

प्ले होता. बुचाचं भोक मोकळं होतं. मग काकांनी बूच काढून टॉर्च आत मारला आणि मला हाताने पेडल अगदी हलकेच दाबायला लावलं. चांगल्या सिलिंडरमध्ये पहिल्या स्पर्शाला त्या छिद्रातून तेलाची बारीक उकळी वर येते. आमच्या टाकीत पृष्ठभाग हललाच नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, पेलाभर पाणी आणा.”

शेजारच्या चहाच्या टपरीवरून पाणी आणलं. टाकीतलं तेल त्यांनी काडीने काढून त्यात सोडलं. ग्लायकॉलचं तेल पाण्यात साखरेसारखं विरायला हवं. काही विरलं, पण वर चकचकीत तवंग राहिला. तेलात खनिज तेल मिसळलं होतं.

मला आठवलं. मे महिन्यात रॅलीहून येताना महामार्गालगतच्या एका गॅरेजात मी थांबले होते. तिथल्या मुलाने विचारलं, “ब्रेक ऑइल थोडं टाकू का?” आणि मी वळून न बघता “टाक” म्हटलं. डब्यावर काय लिहिलंय हे मी पाहिलं नव्हतं. लॉकहीडच्या रबराला खनिज तेल म्हणजे विष. रबर ते पितं, फुगतं, मऊ पडतं. मास्टरची बकेट मधल्या महिन्यांत इतकी फुगली होती की पिस्टन मागे आला तरी तिची कड छिद्रावरच राहत होती. “चूक माझीही आहे,” काका म्हणाले. “पहिल्याच दिवशी टाकीतल्या तेलाचीही पाण्याने परीक्षा करायला हवी होती. गळती सापडली आणि मी तिथेच थांबलो.” पन्नास वर्षं हे काम केलेला माणूस असं म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याने आपल्या वहीत ते लिहून ठेवावं. एक दोष सापडला म्हणजे तपास संपला, असं नसतं.

अशा वेळी अर्धवट इलाज चालत नाही. जिथे जिथे ते तेल पोचलं तिथलं सगळं रबर टाकून द्यावं लागतं. पुढे चार सिलिंडर, मागे दोन, एक मास्टर, आणि तीन होज पाईप. आदल्याच दिवशी बसवलेल्या सिलिंडरच्या नव्या बकेटसकट. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन हवेने कोरड्या केल्या. एक नळी गंजलेली निघाली, ती तांबं-निकेलच्या मिश्रधातूची करून घेतली. निव्वळ तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण कंपनांनी कडक होऊन चिरते. ब्रेकला ती वापरू नये.

मास्टर सिलिंडर उतरवणं हे मायनरमधलं बदनाम काम. त्याचे बोल्ट आडवे आहेत आणि त्यांच्या वाटेत पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार येतो. बोल्ट पूर्ण बाहेर निघतच नाहीत, बार हलवावा लागतो. काकांनी दुपारची तयारी ठेवूनच सुरुवात केली होती. खाली झोपून त्यांनी टॉर्च मारला आणि हाक मारली. बोल्ट उलट्या बाजूने बसवलेले होते. नटं काढली की बार न हलवता सरळ बाहेर यावेत असे. कारखान्यातून ते तसे येत नाहीत. “हे तुमच्या बाबांचं काम,” काका म्हणाले. “पुढच्याला सोपं जावं म्हणून.” बाबांनी ते कधी केलं, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही ते तसेच परत बसवले.

तेल कुठलं वापरावं, यावर जुन्या गाडीवाल्यांत रात्र-रात्र वाद होतात. डॉट-3 चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सिअस, 3.7 टक्के पाणी शोषल्यावर 140. डॉट-4 चा 230 आणि 155. डॉट-5 हे सिलिकॉनचं. ते पाणी शोषत नाही, रंगही खात नाही, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या असणाऱ्या गाड्यांना पुष्कळ लोक ते घालतात. पण त्यात बारीक हवा राहते, आत शिरलेलं पाणी विरघळण्याऐवजी खालच्या जागी साठतं, आणि ग्लायकॉलच्या तेलात ते मिसळता येत नाही. डॉट-5.1 हे नावाने त्याचं भावंड वाटतं, पण ते ग्लायकॉलचं आहे. या घोळातून झालेल्या चुकाही काकांनी निस्तरल्या आहेत. माझं मत सरळ आहे: साधं डॉट-4 वापरा, सीलबंद छोट्या बाटलीतलं, आणि दर वर्षी पावसाळा संपला की बदला. बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

महिन्याभराने वाईहून पाचगणीला गेलो, मी आणि काका. चढताना काही नाही, परीक्षा उतरताना. पसरणीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक फक्त वळणाआधी. तरी निम्म्यात पेडल थोडं लांब गेलं. मी घाबरले. काका म्हणाले, “थांबा, बघू.” कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलो. पेडल कडकच होतं, फक्त खाली लागत होतं, आणि ड्रम गार झाल्यावर आपोआप वर आलं. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून असं होतं. तेल उकळलं असतं तर पेडल मऊ झालं असतं, कारण वाफ दबते. कडक आणि लांब असेल तर थांबून गार होऊ द्यावं. मऊ असेल तर त्या दिवशी गाडी पुढे न्यायचीच नाही.

2021 पासून आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आहे, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरांची. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. चांगली सोय झाली, या गाड्या टिकतील. पण नंबर पाटीने गाडी थांबत नाही. रॅलीला येणारी गाडी शाळेतल्या मुलांच्या गर्दीतून जाते, लोक फोटो काढायला चाकाजवळ येतात. ज्यांना ती रोज शहरात चालवायची आहे, त्यांनी दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर बसवला तर मी त्यांना अस्सलपणा गमावल्याचा दोष देणार नाही. आम्ही एकेरीच ठेवलाय, म्हणून तपासणी दुप्पट करतो.

यंदाच्या दसऱ्याला हार घालण्याआधी मी सीटवर बसले. पेडल एकदा दाबलं, मग चार वेळा, मग पूर्ण एक मिनिट धरून ठेवलं. मॅटखालचं बूच काढून पातळी बघितली. बुचाच्या शेजारी पत्र्यावर तेल बदलल्याची तारीख रंगाने लिहिलेली आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर दिवाळीची सुट्टी आहेच. थंडीतल्या रॅल्या सुरू व्हायच्या आत एवढं एक मिनिट द्या, आणि तारीख लिहून ठेवा.